चित्रातलं गाणं : पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्या

 

आजचा आपला विषय आहे गाण्यांवरून काढलेली चित्रं. विषय ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादं सचित्र पुस्तक येतं. एका पानावर कविता, शेजारच्या पानावर तिला शोभेल असं चित्र. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अशा पुस्तकांना चांगले दिवस आले होते. १८४३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या लोकगीतांचा एक मोठा सचित्र संग्रह निघाला. त्रिमोले, दोबिन्यी अशा चित्रकारांनी त्यासाठी चित्रं काढली, आणि गाण्याचे शब्द व चित्र एकाच पानावर, एकाच चौकटीत कोरून छापले गेले. शतकाच्या अखेरीला स्टाइनलेन या चित्रकाराने अरिस्तिद ब्र्युआँ याच्या गाण्यांच्या पुस्तकाला चित्रं दिली. ब्र्युआँ पॅरिसच्या मोंमार्त्र भागात, गल्लीबोळातल्या माणसांची गाणी त्यांच्याच बोलीत गायचा. ही पुस्तकं आजही संग्राहक जपून ठेवतात.

पण या पुस्तकांच्या आधी काय होतं? तर रस्त्यावरचा गायक होता. फ्रान्समधल्या जत्रांत आणि बाजारांत हा गायक एक रंगवलेला कापडी पडदा टांगायचा. पडद्यावर चौकटी असायच्या. हातातल्या काठीने एकेक चौकट दाखवत तो खुनाची, फाशीची किंवा एखाद्या संताची गोष्ट गायचा, आणि शेवटी त्या गाण्याचा छापील कागद विकायचा. १८१७ साली रोदेझ गावी फ्युआल्देस नावाच्या माणसाचा खून झाला. त्यावरचं गाणं असंच फ्रान्सभर पसरलं. जर्मनीत हेच काम करणारे लोक बाकावर उभे राहून गायचे. म्हणजे बघा, आधी गायक, पडदा आणि काठी होती. पुस्तक नंतर आलं. पुस्तकात गाणं आलं, चित्र आलं, फक्त गाणारा माणूस राहिला नाही.

आता आपण आपल्याकडे येऊ. कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याकडे जाणाऱ्यांना ते माहीत असेल. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे. कुणी म्हणेल, पिंगुळी तर सिंधुदुर्गात, रत्नागिरीच्या व्याख्यानात ती कशाला? तर कुडाळ पूर्वी सावंतवाडी संस्थानात होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात आला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. तेहतीस वर्षं पिंगुळी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. त्याही आधी, १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड निघाला, तो रत्नागिरी आणि सावंतवाडी या दोघांचा मिळून एकच होता. सरकारी कागदावर रेघा बदलल्या, पण देवळांचे उत्सव, रात्रभर जागवायची सोंगं आणि गोष्टी यांचा पट्टा सलग राहिला. तुमच्याकडे नमन-खेळे, खाली दशावतार, आणि त्याच्याच शेजारी चित्रकथी.

चित्रकथी म्हणजे नेमकं काय, ते आधी नीट समजून घेऊ. कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

कागदावर काढलेल्या चित्रांचा एक गठ्ठा असतो. त्याला ‘पोथी’ म्हणतात. एका पोथीत एक आख्यान आणि त्याची साधारण तीस ते साठ चित्रं. एकेक चित्र अंदाजे एक फूट उंच आणि सव्वा फूट रुंद, आडवं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे कागद ताठ राहतो, आणि पुढची बाजू दाखवून झाली की नुसतं उलटवायचं, पुढचा प्रसंग तयार. पोथीच्या सुरुवातीला गणपती आणि सरस्वती यांची चित्रं असतात. त्यांना वंदन करूनच आख्यान सुरू होतं.

सांगणारे तिघंजण असतात. मुख्य कथेकरी वीणेवर गातो आणि चित्रं दाखवतो. एकाकडे टाळ, एकाकडे हुडूक. हुडूक म्हणजे मधे बारीक असलेलं, डमरूच्या घराण्यातलं वाद्य. कथेकरी पद्य गातो, मग तोच प्रसंग गद्यात उलगडून सांगतो, पात्रांचे संवाद म्हणतो आणि पुन्हा पद्यावर येतो. साथीदार सूर धरतात.

आता यातली गंमत लक्षात घ्या. आपल्याकडे पोथी म्हटलं की अक्षरं आली. ज्ञानेश्वरीची पोथी असो, शिवलीलामृताची असो, पाट मांडून वाचायची गोष्ट. चित्रकथ्याच्या पोथीत वाचायला मजकूर नसतो. मजकूर सांगणाऱ्याच्या गळ्यात असतो. वडिलांकडून मुलाकडे कागदांचा गठ्ठा जायचा, आणि त्याच्याबरोबर गाणंही जायचं. गठ्ठा दुसऱ्या दिवशी हातात देता येतो. गाणं यायला मात्र दहा-पंधरा वर्षं मागे बसून टाळ धरावा लागतो.

आख्यानं कोणती? रामायण आणि महाभारत. पण विद्वानांच्या प्रतींतलं नव्हे, लोकांच्या तोंडातलं. इंद्रजिताचा वध, अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन, हरिश्चंद्र अशा कथा. यातल्या कित्येक वाल्मीकींकडे किंवा व्यासांकडे सापडायच्या नाहीत. बभ्रुवाहनाची लढाई जैमिनीच्या अश्वमेधातून मराठीत रंगत आली. श्रीधरस्वामींनी १७०३ मध्ये ‘रामविजय’ आणि १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ पुरा केला, आणि त्या ग्रंथांनी या कथा मराठी घराघरांत नेल्या. दशावतारात बसणारा, पोथी ऐकणारा आणि चित्रकथी बघणारा श्रोता एकच होता. गोष्ट त्याला आधीच ठाऊक असायची. तो यायचा ती कशी सांगितली जाते ते ऐकायला.

चित्रांकडे बघू. माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, नाक टोकदार. मागे डोंगर नाही, आकाश नाही, अंतर दाखवायचा प्रयत्न नाही. रंग सपाट आणि ठळक. तांबडा, पिवळा, तपकिरी, हिरवा, निळा, आणि भोवती काळी रेघ. युद्धाच्या चित्रात दोन्हीकडून बाणांची गर्दी. शाळेत ज्या तऱ्हेचं चित्र काढायला आपल्याला शिकवलं जातं, त्याच्याशी तुलना केली तर ही चित्रं कच्ची वाटतील. पण ती कुठे आणि कशी बघितली जायची याचा विचार करा. रात्र आहे, देवळाचा मंडप आहे, दिव्याचा उजेड आहे. काळी रेघ आणि सपाट रंग असल्याशिवाय त्या उजेडात काही दिसायचंच नाही. फूटभर उंचीचं चित्र म्हणजे समोर फार मोठा जमावही नसणार. जवळ बसलेली वीस-पंचवीस माणसं, पुढच्या ओळीत पोरं. चित्राचा आकारच आपल्याला बैठकीचा आकार सांगतो.

आणखी एक बाब. याच ठाकर समाजाकडे चामड्याच्या सावलीच्या बाहुल्यांचा खेळ आहे आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. चामड्याची बाहुली पडद्यामागे धरली की तिची बाजूच दिसते. चित्रकथीतली माणसं आणि या चामड्याच्या बाहुल्या शेजारी ठेवून बघा, चण तीच दिसते. अभ्यासकांनीही हे साम्य दाखवलं आहे, आणि कर्नाटक व आंध्रातल्या चामड्याच्या बाहुल्यांशीही ते जुळतं.

आता मूळ मुद्दा. चित्र नेमकं काय करतं? मयूरध्वज राजाची कथा बहुतेकांना माहीत असेल. उदाहरणापुरती ती घेऊ. ब्राह्मणाच्या वेषात आलेला कृष्ण राजाच्या देहाचा उजवा अर्धा भाग मागतो. राणी आणि मुलगा करवत चालवतात. तेवढ्यात राजाच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं. ब्राह्मण म्हणतो, रडत दिलेलं दान मला नको. तेव्हा राजा सांगतो, रडतो आहे तो डावा भाग, आणि तो अशासाठी रडतो की उजवा कामी आला, मी मात्र वाया चाललो.

याचं चित्र काढा. करवत काढता येईल, राणी काढता येईल, डोळ्यातला थेंबही काढता येईल. पण तो थेंब का आला, हे चित्रात काढता येत नाही. गोष्ट माहीत नसलेला परका माणूस ते चित्र बघून एवढंच म्हणेल की दोन माणसं तिसऱ्याला कापतायत आणि तो वेदनेने रडतोय. म्हणजे अर्थ अगदी उलटा. तो अर्थ गाण्यात आहे. उलट नुसतं गाणं ऐकलं तर करवत, रक्त आणि डोळा समोर उभा राहत नाही, सगळं ज्याच्या त्याच्या कल्पनेवर सोडावं लागतं. चित्रकथीत चित्र नजरेला एका जागी धरून ठेवतं आणि गाणं त्या जागेचा अर्थ बदलत नेतं. आम्हाला म्हणायचं आहे ते हेच, की ही गाण्यासाठी केलेली सजावट नव्हे. पुस्तकातलं चित्र काढून टाकलं तर कविता शिल्लक राहते. इथे गाणं काढून टाकलं तर जे शिल्लक राहतं ते अर्धवट आहे.

ही पद्धत किती जुनी? बरीच. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन फिरतो. यमपट म्हणजे यमलोकाची चित्रं रंगवलेलं कापड. ते दाखवत, गात तो एका घरात शिरतो आणि तिथेच त्याला राक्षसाची मुद्रा असलेली अंगठी मिळते. चित्र घेऊन गाणारा माणूस कुणाच्याही दारात जाऊ शकतो आणि त्याचा कुणाला संशय येत नाही, इतकी ती नेहमीची गोष्ट होती. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, आजारी वडिलांकडे परतणाऱ्या हर्षाला बाजारात असाच यमपट दाखवणारा भेटतो. भोवती पोरांचा घोळका, हातात दाखवायची काडी. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. व्हिक्टर मेअर या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ मध्ये चीनमधल्या चित्रकथनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि या परंपरेचा उगम त्याने भारताकडे नेला. इंडोनेशियात, जपानमध्ये, राजस्थानात फडाच्या रूपाने, बंगालमध्ये पटाच्या रूपाने तिचीच भावंडं दिसतात. पॅरिसच्या बाजारातला तो काठीवाला गायकही रीतीने त्यांच्यासारखाच.

मग एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे काय झालं? त्यासाठी क्षणभर मुंबईला जाऊ. १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. अॅकवर्थ हा सनदी अधिकारी. त्याने १८९४ मध्ये त्यातल्या काहींचं इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केलं. मोठं काम होतं, त्याच्यामुळे कितीतरी पोवाडे वाचले. पण पोवाडा कागदावर आला तेव्हा डफ आणि तुणतुणं मागे राहिलं. त्याच १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. राम, सीता, लक्ष्मी, सरस्वती रंगीत छापून घरोघरी भिंतीवर आल्या. तेही मोठंच काम, ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही घरात देवाचं चित्र आलं. पण ते चित्र गप्प होतं.

म्हणजे एकाच शहरात, तीन-चार वर्षांच्या अंतराने, गाणं चित्राशिवाय पुस्तकात गेलं आणि चित्र गाण्याशिवाय भिंतीवर गेलं. पुढे अशी चित्रं चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कोकणातही पोचली. पिंगुळीत मात्र दोन्ही अजून एकाच माणसाच्या हातात होती. छापखान्याचा सगळा काळ ओलांडून ती तशी राहिली, हे विशेष आहे.

अर्थात राहिली म्हणजे सुखात राहिली असं नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता, आणि देवळांच्या उत्सवात सेवा करायचा मान होता, असं ठाकर समाजात सांगितलं जातं. पण इंग्रजी दप्तराची नजर वेगळी होती. चित्रकथी नावाची जमात घाटावरही होती आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये तिची नोंद आहे. कुठल्या वर्गात? भिक्षेकऱ्यांच्या. गोंधळी, वासुदेव यांच्या पंगतीत. दारात येऊन गातो, दाखवतो आणि मूठभर धान्य घेतो, म्हणजे भिकारी. कलावंत म्हणून रकानाच नव्हता. आणि हे नुसत्या साहेबांचं म्हणून सोडून देता येणार नाही. गावातल्या शिकलेल्या माणसानेही हळूहळू तीच नजर उचलली.

पुढचा टप्पा संग्रहालयांचा. विसाव्या शतकात या शैलीची चित्रं संग्राहकांच्या हाती आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. पैठणकडून मिळाल्यामुळे कलेच्या इतिहासात त्यांना ‘पैठण शैली’ असं नाव पडलं. १९८० मध्ये आना दालापिकोला यांचा जर्मन ग्रंथ निघाला, तोही पैठणच्याच नावाने. नंतर पिंगुळीतल्या पोथ्या आणि त्या सांगणारी जिवंत माणसं अभ्यासकांपुढे आली, आणि व्हॅलेंटिना श्टाखे-रोझन यांच्यासारख्यांनी पिंगुळीच्या चित्रांबरोबर तिथल्या कथनाचाही अभ्यास केला. तेव्हा कुठे लक्षात आलं की ही चित्रं वाचायची असतील तर आधी ऐकावी लागतात.

एका अर्थाने हे नावाचं प्रकरण बोलकं आहे. चित्र जिथे विकत मिळालं त्या गावाचं नाव त्याला लागलं. ते गायलं कुठे जायचं, हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला.

इथे एक शंका नेहमी येते. चित्रकथी म्हणजे आपला जुना सिनेमाच की, असं लोक कौतुकाने म्हणतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढला तोही हरिश्चंद्रावर, त्यामुळे तुलना मोहात पाडते. पण फरक मोठा आहे. सिनेमात चित्र हलतं आणि आपण स्थिर बसतो. चित्रकथीत चित्र स्थिर असतं आणि गाणं आपली नजर हलवत नेतं. समोरची माणसं रंगली तर कथेकरी एका चित्रावर जास्त वेळ थांबेल, पेंगायला लागली तर पुढचं पान उलटेल. हा अधिकार सिनेमाच्या यंत्राला नाही.

आता आजची स्थिती. पिंगुळीतल्या काही कुटुंबांनी ही कला टिकवली. परशुराम आत्माराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांनी पिंगुळीतच ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं आहे. तिथे जुनी चित्रं आणि बाहुल्या बघायला मिळतात. नव्या पिढीतली मुलं नव्या कागदावर चित्रं काढतात, प्रदर्शनांत विकतात. ज्यांची गॅझेटिअरने भिक्षेकऱ्यांत गणना केली त्या परंपरेला राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळतो, ही साधी गोष्ट नाही.

तरी एक काळजी उरते, आणि ती आम्हाला तुमच्यासमोर ठेवायची आहे. चित्र विकता येतं, गाणं विकता येत नाही. कुणी दिवाणखान्यासाठी बभ्रुवाहनाचं एक चित्र घेतो, फ्रेम करतो, छान दिसतं. पण ते चाळीस चित्रांतलं मधलं एक चित्र आहे, अलीकडे-पलीकडे काही नाही आणि सांगणारा नाही. मागणी चित्राला आहे म्हटल्यावर घरातला मुलगा ब्रश हातात घेईल. वीणा आणि हुडूक घेऊन पंधरा वर्षं मागे कशाला बसेल? त्याला दोष देता येणार नाही, त्यालाही घर चालवायचं आहे. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात कागदाला बुरशी लागते, वाळवी लागते, हे आपल्याला दिसतं आणि आपण घाबरून उपाय करतो. गाण्याला लागलेली वाळवी दिसत नाही. एक म्हातारा कथेकरी गेला की त्याच्याबरोबर एखाद्या पोथीचा सगळा मजकूर जातो, आणि चित्रं तशीच्या तशी, रंगासकट शाबूत राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं जपलं गेलं आहे.

फ्रान्समध्ये रस्त्यावरचे ते गायक संपले, पण गाण्यांचे कागद ढिगाने छापलेले होते. एपिनाल गावातल्या पेलरँच्या छापखान्यासारख्या ठिकाणांहून चित्रं आणि शब्द एकत्र बाहेर पडले होते. म्हणून आज तिथला अभ्यासक दोन्ही समोर ठेवू शकतो. आपल्याकडे शब्द छापलेच गेले नव्हते. आपल्या हातात असलेला वेळ त्यामुळे कमी आहे.

करता येण्यासारखं काय आहे? फार मोठ्या योजना आम्ही सांगत नाही. ज्या संग्रहालयात ही चित्रं आहेत तिथे चित्राखाली शैली आणि शतक लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला त्या आख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकायची सोय करता येईल. महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना एकेक पोथी घेऊन, कथेकऱ्याच्या संमतीने आणि त्याला योग्य मानधन देऊन, तिचे शब्द उतरवून घेता येतील. एका पोथीला एक वर्ष दिलं तरी चालेल. आणि आपण सगळे, म्हणजे तुम्ही-आम्ही, गोव्याला जाताना कुडाळला तासभर थांबू शकतो. चित्र जरूर विकत घ्या. पण घेण्याआधी त्या घरात एवढं विचारा, की हे गाऊन दाखवाल का? ती मागणी वाढली, तर वीणेमागे बसायला कुणीतरी तयार होईल.

पुढच्या व्याख्यानात आपण चामड्याच्या बाहुल्यांकडे वळणार आहोत. आज जे आख्यान कागदावर बघितलं तेच पडद्यावर कसं येतं, ते तेव्हा पाहू. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. घरी आजी-आजोबांकडून ऐकलेलं एखादं आख्यान आठवत असेल, तर तेही सांगा.